डोंगर नाही म्हणणारा माणूस

भाई परबांना राग कशाकशाचा येत असे ते आधी सांगतो, म्हणजे माणूस लवकर समजेल. जीपचं दार धाडकन लावलं की राग. 'साधारण' हा शब्द कानावर पडला की राग. चहात पाव बुडवत असताना कोणी कामाचं बोलायला लागलं की राग. वर्तमानपत्रात 'शास्त्रज्ञांचा अंदाज' असं काही छापून आलं की त्या पानाची घडी करून ते खिडकीच्या फटीत कोंबत. गोव्यात साखळी गावातल्या आमच्या भाड्याच्या कचेरीची सगळी जनेलं अशा अंदाजांनी घट्ट बसली होती. भाई सोडून जगात सगळ्यांचंच रक्त एवढं थंड कसं, असा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा मात्र आम्ही त्यांना मागून हसत होतो.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या आधीची ती दोन-अडीच वर्षं. मी मूळचा गडहिंग्लजकडचा, सरकारी तेलशोधाच्या खात्यात नकाशे काढणारा. भाई आमचे पथकप्रमुख, पेडण्याचे, पुण्याला शिकलेले, पन्नाशीच्या आसपासचे. अंगाने काटकुळे, आवाज मात्र तिघांचा. पेडण्याच्या किनाऱ्यापासून घाटापर्यंत ठरावीक अंतरावर गुरुत्वाकर्षण मोजत जायचं, हे आमचं काम. समुद्रात तेलशोध चालूच होता. तिथल्या मोजणीला जमिनीवरची मोजणी जोडून घ्यायची होती.

यंत्र दिसायला अगदीच सामान्य, एखाद्या उंच डब्यासारखं. आत एका नाजूक स्प्रिंगला टांगलेलं वजन. खाली जड खडक असला की ते केसभर जास्त ओढलं जातं, हलका गाळाचा खडक असला की केसभर कमी. आकडा कमी आला म्हणजे खाली गाळाचा जाड थर असू शकतो, आणि गाळाच्या थरात तेल किंवा वायू असू शकतो. या वाक्यात दोनदा 'असू शकतो' आहे. भाईंचं अर्धं आयुष्य लोकांना ते दोन शब्द ऐकायला लावण्यात गेलं आणि कोणी ते ऐकले नाहीत.

यंत्र जीपमध्ये नेहमी भाईंच्या मांडीवर. खाली ठेवायला बंदी, दुसऱ्याच्या मांडीवर द्यायला बंदी. धक्का बसला की स्प्रिंग रुसते, असं ते म्हणत. मोजणीच्या जागी पोचलं की स्वतःच्या चपला काढायचे, आम्हाला काढायला लावायचे, आणि मग पायरीवर किंवा कातळावर यंत्र मांडून त्याच्यावर वाकायचे. चपला काढायच्या त्या पावलांचा हादरा कमी व्हावा म्हणून. पण पेडणे तालुक्यातल्या एका देवळाच्या पायरीवर हे चाललं असताना मागे वळून पाहतो तर गावातल्या बायका रांगेने उभ्या, हातात अबोली. अनवाणी माणसं वाकून डब्यात डोळा घालतात आणि आकडा बोलतात, म्हणजे कौल लावण्याचाच काहीतरी नवा प्रकार असणार, अशी त्यांची खात्री झाली होती. एका म्हातारीने भाईंना आखातात गेलेल्या मुलाबद्दल हळूच विचारलं, "म्हजो चलो बाहरेनाक आसा. केन्ना येतलो तें इचारता व्हय?"

भाई ताठ झाले. आता ओरडणार, असं आम्हाला वाटलं. ते ओरडलेच, पण म्हातारीवर नाही. "ह्या पेटयेक फकत वजन कळटा गे माये. भुरगो केन्ना येतलो तें ताका कळना, आनी तेल खंय आसा तेंय कळना! पूण पणजेंत बसल्यात तांकां दोनूय कळटा!" म्हातारीने पेटीवर फूल ठेवायला हात पुढे केला. भाईंनी ते तळहातावर घेतलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं. फुलाचा ओलावा यंत्राला चालत नाही, असं कारण त्यांनी आम्हाला दिलं.

त्यांचा राग असा नेमका माणूस शोधून काढायचा. किनाऱ्यावरच्या एका गावात एक गृहस्थ बाटली घेऊन धावत आले. आत काळं पाणी. "भाई, तेल! म्हज्या बांयत!" त्यांच्या जमिनीचा भाव दुप्पट झाला होता, मनातल्या मनात. भाईंनी वास घेतला, बोटावर थेंब चोळला आणि म्हणाले, "हें तेल तुमच्या बांयचें न्हय. ट्रॉलराचें." मग गृहस्थांना तिथेच सोडून ते थेट किनाऱ्यावर गेले. ट्रॉलरवाले वापरलेलं तेल वाळूत ओततात, ते मुरून विहिरीत उतरतं. तिथल्या मुकादमाची त्यांनी अर्धा तास जी काही हजेरी घेतली, ती ऐकायला सगळा मासळीबाजार जमला. बाटलीवाले गृहस्थ मात्र शेवटपर्यंत भाईंवर नाराज राहिले. त्यांना खरं नको होतं, तेल हवं होतं. पुढे आम्हाला भेटलेली बहुतेक माणसं याच जातीची निघाली.

भाषेचं आंदोलन तेव्हा पेटलेलं होतं. आमच्या कचेरीतही जेवणाच्या मेजाचे दोन भाग झाले, मराठीवाले जनेलाच्या बाजूला आणि कोंकणीवाले दाराच्या. भाई मधोमध कदेल ओढून बसत. कोणी विचारलं की तुमी खंयचे, तर म्हणत, "हांव रागावतां कोंकणींत आनी अर्ज बरयतां मराठींत. दोगांचोय उपेग जायना." दोन्ही बाजू हसत आणि दोन्ही बाजू त्यांना आपला म्हणत नसत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

डिचोली तालुक्यात, कारापूरच्या पलीकडे, एक वाडी आहे. नाव सांगत नाही, आपण तिला हळदणवाडी म्हणू. भाईंची थोरली बहीण तिथे दिलेली. सगळे तिला बाय म्हणत. वाडीच्या डोक्यावर एक डोंगर होता. भाई भाऊबीजेला जात तेव्हा त्या डोंगरावर चढत, करवंदाच्या जाळ्यांतून पलीकडच्या वाटेने उतरत. मी 'होता' म्हणतो, कारण आम्ही मोजणीला गेलो तेव्हा तिथे वाडीच्याही खाली उतरलेला लाल खड्डा होता. डोंगर खनिज होऊन ट्रकांत गेला, ट्रकांतून बार्जेसमध्ये, बार्जेसमधून बोटींत, आणि कुठल्यातरी परक्या देशात त्याचं लोखंड झालं. डोंगरातून उतरणारे वाडीचे सगळे झरे आटले होते. शेताच्या वरच्या अंगाला एक झर तेवढी उरली होती. प्यायला तीच, शेताला तीच आणि गुरांनाही तीच.

वाडीच्या शाळेच्या पायरीवर आम्ही यंत्र मांडलं आणि आकडा कमी आला, चांगलाच कमी. भाईंनी खड्ड्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हो आंकडो म्हणजे तो." त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला. जिथे ओढणारा दगडच उरलेला नाही, तिथे आकडा कमीच येणार. म्हणूनच आजूबाजूच्या चढउताराचा हिशेब करून आकडा दुरुस्त करायचा असतो, आणि खड्डा हिशेबात धरला की ही उणीव भरून निघते. पण उंच-सखल घ्यायचं सरकारी नकाशावरून, आणि सरकारी नकाशा डोंगर शाबूत असतानाचा. नकाशावर डोंगर होता. झाडीच्या हिरव्या खुणांसकट होता.

तो डोंगर धरून केलेली दुरुस्ती पुरली नाही, आणि आमच्या नकाशावर हळदणवाडीभोवती एक बंद वर्तुळ उमटलं. कमी गुरुत्वाचं. ते मीच काढलं, पेन्सिलीने, भाईंच्या सांगण्यावरून, पुढे प्रश्नचिन्ह घालून. पणजीच्या मोठ्या साहेबांनी प्रश्नचिन्ह खोडलं आणि वर्तुळ ठेवलं. राज्य होणार होणार असं सगळीकडे चाललेलं, आणि नव्या राज्याच्या पोटात स्वतःचं तेल आहे, असं भाषण करायची कुणाला तरी घाई होती. डिचोलीच्या खाली अब्जावधी वर्षांचा जुना कठीण खडक आहे, तिथे गाळ कुठला आणि तेल कुठलं, हे शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांनीही सांगितलं असतं. पण वर्तुळावरून पुढची मोजणी ठरली. जमिनीत भोकं पाडायची, त्यांत स्फोट करायचे आणि हादरे कसे परत येतात ते मोजायचं. ती रेघ शेताच्या वरच्या अंगाने, नेमकी झरीवरून जात होती.

झरीच्या कुशीत स्फोट झाला तर झर राहील का, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नव्हतं. भाईंना ती खात्रीच हवी होती, आणि ती नसेल तर स्फोट नको होते. गावाने अर्ज केले. गावाचा मानकरी गावकार सगुण, सत्तरीतला, पायात वहाण नसलेला माणूस, बाजाराच्या दिवशी साखळीला येऊन आमच्या कचेरीच्या पायरीवर बसे आणि विचारी, "भाई, जाप आयली?" उत्तर कधीच आलेलं नसे.

भाई खाणीवर गेले. मी बरोबर होतो. थंडगार खोलीत मॅनेजरांनी चहा दिला, वर बिस्किटं. भाई म्हणाले, "तुमच्या खड्ड्याची खोली आणि लांबी-रुंदी हवी. सरकारी कामाला हवी." मॅनेजर हसले. "खड्डा नाही हो. वर्किंग." भाई म्हणाले, "बरं, वर्किंगची खोली द्या." "ती गोपनीय असते." आम्ही चहा तसाच ठेवून उठलो. फाटकावरचा बेळगावकडचा राखणदार मला कानडी ढंगाच्या मराठीत म्हणाला, "साहेब, एवढा मोठा खड्डा लपवायचा म्हणजे यांना किती त्रास होत असेल!" मी हसलो, भाई हसले नाहीत. खड्ड्याला खड्डा म्हणायलासुद्धा परवानगी लागते, हे त्यांच्या डोक्यात फार दिवस ठणकत राहिलं.

मग ते मला घेऊन पणजीला मोठ्या साहेबांकडे गेले.

"परब, नकाशावर डोंगर आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, जीपमध्ये बसा. दुपारपर्यंत दाखवून आणतो."

"तुम्ही मला नेऊन काय दाखवणार? नोंद कुठे आहे?"

"डोळे आहेत ना साहेब!"

"डोळे हा पुरावा नाही. आणि हे तुमच्या बहिणीचं गाव आहे, असं ऐकतो."

हे शेवटचं वाक्य साहेबांनी हळू आवाजात, समजूतदारपणे उच्चारलं. एखादा माणूस खरं बोलत असला की त्याचं नातं शोधायचं, हा आपल्याकडचा कायमचा उपाय. परतीच्या बसमध्ये पर्वरी आली. भाई एकदम म्हणाले, "पुरावोच जाय न्हय तांकां? दितां."

दिवाळीनंतर खाणी जोरात सुरू होतात. तेव्हापासून भाई सवड मिळेल तसे शाळेच्या पायरीवर जाऊ लागले. त्याच पायरीवर, तसेच अनवाणी. यंत्राची स्प्रिंग दिवसभरात थोडी थोडी ताणली जाते, म्हणून आधी साखळीच्या ठरलेल्या जागी आकडा घ्यायचा, मग वाडीत, आणि परत साखळीला. साखळीचा आकडा जागच्या जागी. वाडीचा मात्र खाली खाली जात होता. दिवाळीला एक, संक्रांतीला त्याहून कमी, शिगम्याला त्याहूनही कमी. पावसाळा लागला, खाण बंद पडली, आणि आकडाही थांबला. खड्ड्यात पाणी साचलं तेव्हा तो उलट किंचित वर सरकला.

हे पाहून मी वेडाच झालो. इतकी देखणी मोजणी मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. तेलाचा साठा काय दर महिन्याला खोल जातो? आणि पाऊस पडला की विश्रांती घेतो? खाणीचा प्रत्येक ट्रक जणू त्या पायरीवर उमटत होता. डोंगर कसा नेला जातोय हे पणजीच्या साहेबांना कळलं नसेल, पण आमच्या पेटीला कळत होतं. भाईंनी सगळं व्यवस्थित मांडून वर पाठवलं. खाली शेवटचं वाक्य होतं: 'ही जागा तेलाची नाही, येथून द्रव्य उचलले जात आहे.' टंकलेखकाने 'उचलले' ऐवजी 'काढले' करू का, असं विचारलं. भाई म्हणाले, "उचलल्लें तें उचलल्लें."

वरून उत्तर आलं. यंत्र बिघडलेलं दिसतं, दुरुस्तीला पाठवावे. वाडीच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढून एकच आकडा वापरावा.

सरासरी! मला आजही हा शब्द ऐकला की भाईंचा चेहरा आठवतो. माणसाच्या अंगातून रक्त जातंय, दर तासाला कमी होतंय, आणि डॉक्टर म्हणतो सरासरी काढा. भाईंनी तो कागद वाचला, मेजावर ठेवला, आणि चांगलं चाललेलं यंत्र खोक्यात घालून, सुतळीने बांधून, स्वतः मांडीवर घेऊन पणजीपर्यंत पोचवून आले. अहवालावर सही करायला त्यांनी नकार दिला. साहेबांनी स्वतः सही केली. महिन्याभरात भाईंची आसामला बदली झाली.

बदलीवर हजर व्हायच्या आधी रजा शिल्लक होती. स्फोटवालं पथक वाडीत आलं, शेतात लाल झेंड्यांच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, तेव्हा भाई बहिणीकडेच मुक्कामाला होते. रोज सकाळी चहा-पाव झाला की झरीवरच्या खुंटीपाशी जाऊन उभे राहत. कोणाला अडवलं नाही, खुंटी उपटली नाही. नुसते उभे. ऊन चढलं की बाय ओरडायची, "वतांत मरतलो रे भाई!" ते छत्री घ्यायला घरी येत आणि परत जात.

आणि एक दिवस खुंट्या उपटल्या गेल्या. रेघ ओढ्यापलीकडे सरकवली होती. वाडीत आनंदीआनंद झाला. भाईंनी पथकाच्या मुख्याला कारण विचारलं. तो सरळ माणूस होता, त्याने सांगून टाकलं. खाणवाल्यांनी पणजीला फोन केला होता. स्फोटांनी त्यांच्या खड्ड्याच्या कडा ढासळतील, म्हणून हरकत. हरकत दुसऱ्या दिवशी मान्य.

गावाचे अर्ज वर्षभर पडून होते. भाईंची मोजणी बिघाड ठरली. आणि जो खड्डा कोणाच्याच नकाशावर नव्हता, त्याच्या कडा मात्र ढासळू द्यायच्या नव्हत्या. झर वाचली ती डोंगर नेणाऱ्यांच्या मेहेरबानीने. मला हे भाईंनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता, आणि तेच मला फार लागलं.

वाडीने मात्र यश भाईंना दिलं. झरीपाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मीही साखळीहून गेलो. पुढे राज्य झालं, फटाके वाजले, तेव्हा भाई आसामात होते, आणि तिथून ते परत आलेच नाहीत. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी.

सगुण गावकार नारळ हातात घेऊन उभा राहिला. मागे वाडी, बायका, भुरगीं. बाजूला भाई, धुवट सदरा घालून, कपाळाला आठ्या. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गावकार गावाच्या सीमांवरचे राखणदार देव एकेक करून हाक मारून बोलावतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वेशीवरचा आला, वडाखालचा आला, ओढ्यावरचा आला. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. मग सगुण वळला, सगळी वाडी वळली, आणि सगळ्यांनी वरच्या बाजूला हात जोडले.

"हे दोंगरावयल्या राखणदारा म्हाराजा, तुजो दोंगर आमच्या माथ्यार आसा..."

"ना म्हाराजा!"

भाई ओरडले होते. हात जोडलेले नव्हते, मुठी वळलेल्या होत्या. "दोंगर ना! खंय आसा दोंगर? दोळे उगडून पळयात!"

गाऱ्हाण्यात 'ना' म्हटलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. पोरं आयांच्या पदराला धरून उभी. बायने तोंडावर हात ठेवला. गाऱ्हाणं मोडलं की काय होतं, हे कोणालाच माहीत नसावं. सगुण नारळ धरून तसाच उभा होता. त्याने समोर पाहिलं, जिथे लाल कडा आणि त्यावर नुसतं आभाळ होतं. मग त्याने घसा खाकरला आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने गाऱ्हाणं पुढे चालवलं.

"हे दोंगरावयल्या राखणदारा म्हाराजा. भाई सांगता तें खरें. तुजो दोंगर ना म्हाराजा."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"तुजो दोंगर ट्रकांनी भरून व्हेलो म्हाराजा. आमच्या दोळ्यांमुखार व्हेलो. कागदार आसा, पूण हांगा ना म्हाराजा."

आधी बाय म्हणाली, एकटीच, बारीक आवाजात. मग तिच्या मागच्या बायका, मग पुरुष, मग पोरंसुद्धा.

"व्हय म्हाराजा!"

भाई परब खड्ड्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगुणने नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि झरीच्या दगडावर असा आपटला, की पाणी आम्हा सगळ्यांच्या अंगावर उडालं.